त्र्याण्णव

पावणेतीन. शारजा. धावपट्टीवर धुकं बसलंय
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडकरूसारखं, निवांत.
पडद्यावर एकोणीस विमानं, सगळी एकाच दाराशी.

माझं काम उशिराला आकडा देण्याचं.
हवामानाला एक, इंधनाच्या टँकरला दुसरा,
आणि त्र्याण्णव : आधीचं विमानच उशिरा आलं.
हा सगळ्यांचा लाडका. यात इथल्या कुणाचाच दोष नसतो,
दोष मागच्या गावी राहिलेला असतो,
तिथं विचाराल तर त्याच्याही मागच्या.

सकाळी आठची जागा म्हणजे वतन.
ज्यांचं आहे त्यांचंच. न वापरलं तर जातं,
म्हणून ते राखायला कधी विमान निम्मं रिकामं उडतं.
उरलेल्या वेळा स्वस्त. स्वस्त तिकिटं या वेळांची.
स्वस्त तिकिटांची माणसं फरशीवर, चपला उशाशी.

काचेवर टिचकी. बशीर मुकादम, हर्णै.
हमरियाच्या गोदीत वेल्डर. विमान मस्कतला वळवलेलं.
"बाई, रजा बावीस दिवसांची, तीन वर्षांनी.
शिफ्ट सुटली की कंपनीचं घड्याळ चालू.
अकरा तास इथंच गेले. ते कुणाच्या खात्यात?"

मी सांगते. विमानाच्या एका मिनिटाला इतके दिरहम,
वैमानिकाचे तास, उभं राहायचं भाडं...
"आणि माझ्या?"
मी सँडविचचं कुपन पुढं सरकवते.

तो कुपनाच्या पाठीवर गणित मांडतो.
अकरा तास, ओव्हरटाइमच्या दरानं...
आणि पेन थांबतं.
"हा दर तर इथला झाला," म्हणतो,
"घरचा मला माहीत नाही."

सात चाळीसला धुकं उठलं आणि सगळ्यांना एकदमच निघायचं होतं.
ज्यांचे प्रवासी पुढं लंडनची विमानं चुकवतील ते आधी,
त्यांचं मिनिट महाग.
मुकादमचं विमान चौदावं.
मुंबईहून हर्णैपर्यंत सात तास, ते वेगळेच.

मी त्र्याण्णव टाकलं.
शेऱ्याच्या रकान्यात, का कोण जाणे, मराठीत त्याचं आडनाव.
देवनागरी सिस्टिमला समजत नाही.
तिथं सहा प्रश्नचिन्हं उमटली.
मी ती तशीच ठेवून नोंद पाठवली.