नऊ ते सहा

नवतपा लागला त्या दिवशी सुकेशनी आली.
उमरेडच्या गाडीनं, तोंडाला ओढणी गुंडाळून,
दिसत होते फक्त डोळे. दारातच म्हणाली,
"काकाजी, चप्पल कुठं काढू?"

मी तिला घर दाखवलं, म्हणजे हेमलता दाखवली:
कूस बदलायची दर दोन तासांनी,
ही गोळी कुटून, वरणात नाही, केळ्यात,
हा उजवा हात, हा ऐकत नाही,
डावा झोपेत उशी चाचपतो, तेव्हा धरायचा.
हे शेवटचं सांगायला नको होतं.
सांगून गेलो.

आणि एक सांगितलं नाही.
अ‍ॅटॅकनंतर हिच्याजवळ एकच शब्द उरलाय, 'नाही'.
औषधाला नाही, देवाच्या अंगाऱ्याला नाही,
आणि पाणी हवं असलं तरी नाहीच,
फक्त तेव्हा तो लांबतो, शेवटाला जरा वर जातो.
मला दीड महिना लागला होता.
तेवढं मी जवळ ठेवलं, घराच्या जादा किल्लीसारखं.

तिनं आधी वेणी सोडली.
"कोनं घातली जी ही येनी?"
मी पेपर वर धरला.
छत्तीस वर्षं एजी ऑफिसात दुसऱ्यांचे आकडे तपासले,
केसांचे तीन पेड मात्र जुळले नाहीत,
एक नेहमी शिल्लक राहायचा.
हेमलतानं डोळे मिटले होते.
माझ्या हाताखाली ती कधी डोळे मिटत नसे.

"तुमी जा ना बाहेर," सुकेशनी म्हणाली. गेलो.
सक्करदऱ्यात कूलरच्या ताट्या घेतल्या,
दहा रुपयांसाठी वीस मिनिटं भाव केला.
उसाचा रस प्यालो. मग दुसरा गिलास.
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं,
आणि मी एका बंद शटरच्या वीतभर सावलीत
ताट्या छातीशी धरून उभा, कुणी बोलवायची वाट बघत.

परतलो तर ती सांगू लागली,
"बाई नाई नाई म्हनत होत्या, म्हून पानी पाजलं.
अर्धा गिलास पेल्या."

चार तास.

मी ताट्या बसवल्या, पाइप सोडला,
टाकी भरेस्तोवर तिथंच उकिडवा बसलो.
राग आला होता का? आला होता.
कुणाचा, ते विचारू नका.

मग बाहेरच्या खोलीत आडवा झालो, नुसती पाठ टेकायला.
जाग आली ती त्याच शब्दानं,
लांबलेला, शेवटाला वर गेलेला.
पाय आपोआप खाली आले.
आत माठाचं झाकण वाजलं, ओगराळं बुडालं.
फरशी अजून तापलेली होती.
घड्याळात सहाला दहा कमी.
मी तसाच बसलो,
तळवे भाजत होते तरी.