अस्तर

गोळीबार चौकामागच्या गल्लीत
चाळीस वर्षं मी ब्लाउजला अस्तर लावते.
ते कोणी बघत नाही,
पण आटलं की वरचं कापड ओढ घेतं.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती.
मे महिन्यात परकरावर डाग दिसला.
मांडीवर कच्च्या रंगाचं लाल कापड होतं,
वाटलं, त्याचाच.
दुसऱ्या डागाच्या वेळी
कापड पांढरं होतं.

जाऊ म्हणाली, "उन्हाया हाय, गरमी असन.
धन्याचं पाणी पे."
कूलरमध्ये पाणी भरत, धन्याचं पीत
पोळा आला.
पिवळी मारबत निघाली, तेव्हा गर्दीत मीही ओरडले,
घेऊन जा गे.
तिनं नेलं नाही.

मेडिकलमध्ये डॉक्टरीण फार तर तिशीची.
शुगर? आहे. बीपी? आहे. वजन? ब्याऐंशी.
मुलं?
माझी मान सवयीनं खाली.
"मावशी, चूक नाही शोधत. विचारावं लागतं,"
म्हणाली आणि लिहीत राहिली.
छत्तीस वर्षं झाली लग्नाला.
हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं,
तेही केसपेपर भरताना.

सोनोग्राफी झाल्यावर म्हणाली,
"पिशवीचं आतलं अस्तर जाड झालंय.
या वयात चार मिलिमीटरपर्यंत ठीक,
तुमचं सोळा."
मी मनात टेप लावली: पाच सूत.
एवढं जाड अस्तर
मी कोटालाही लावलं नसतं.

मग नमुना घेतला.
मीही चिंधी घेऊन इतवारीत मॅचिंग शोधते,
पण दुकानदार दहा दिवस लावत नाही.
कागदावर कॅन्सर होतं.
"पहिला टप्पा," ती म्हणाली,
"रक्त दिसलं म्हणून तरी आलात."

पिशवी, नळ्या, दोन्ही अंडाशयं काढली.
शुद्धीवर आल्यावर मी टाके पाहिले.
"कोणी घातले?"
एक लुकडा पोरगा पुढे झाला.
"अंतर सारखं आहे," मी म्हटलं.
तो लाजला.
मग तीन वेळा आतून शेक.
त्या खोलीत एकटंच पडायचं,
मशीनचा आवाज माझ्या मशीनसारखा नव्हता.

परवा शीला बोकडे ट्रायलला आली.
हात वर करून उभी, छाती मोजते मी,
आणि ती हळूच म्हणते,
"बाई, दोन वर्षांनी परत लाल दिसून राह्यलं.
गरमी असन ना?"

टेप गळ्यातच राहिली.
शटर ओढलं, ऑटोला हात केला.
तिच्या ब्लाउजला अजून
एकच बाही आहे.