पिन

गणपती पेठेत आमचं मॅचिंग सेंटर.
फॉल, अस्तर, हुक, लेस
आणि फिती, मीटरवर.

परवा कलगोंडा सर आले.
काळी सॅटिन, अर्धा इंची, बारा मीटर.
"उद्यापासून काळ्या फिती लावून शिकवणार."
म्हटलं, म्हणजे शिकवणार तर आहातच?
सर हसले. "सहामाही तोंडावर आलीय, काय करता!"
मी बोटबोटभर कापून दिल्या,
एकेक टोक मेणबत्तीवर धरलं,
नाहीतर मधल्या सुट्टीतच उसवतो निषेध.
जाताना पिना मागितल्या.
होती नव्हती ती बरणी रिकामी झाली.

कुणाचा मोर्चा, त्यावर रंग ठरतो.
मला सगळे नंबरावरून ठाऊक.
बासष्ट नंबर धुतला की विटतो,
हे मी घेणाऱ्याला आधीच सांगते.
मागाहून कटकट नको.

ऑक्टोबरात गुलाबी.
काल कॉलेजच्या मुली आल्या, पाचसहा जणी,
विश्रामबागेतून त्यांची रॅली निघायची होती.
फितीची घडी कशी घालायची ते मीच दाखवलं.
आमच्याच आरशात त्यांनी फोटो काढले,
"काकू, तुम्हीपण लावा ना!"
मी म्हटलं, गिऱ्हाइकं खोळंबलीत.

डाव्या बाजूला मी आतून लावते.
अस्तराच्याच कापडाची, घरी शिवलेली,
वजन यावं म्हणून राळे भरलेली.
वर सरकू नये म्हणून तिला एक पिन.
ती दुकानातली नाही.
मिरजेच्या दवाखान्यात, ड्रेसिंगच्या रांगेत
माझा पदर घसरत होता, हात वर होत नव्हता.
शेजारी जतकडची एक बाई.
तिने बांगडीत अडकवलेली काढली,
माझ्या खांद्यावर लावली,
कानडीत काहीबाही बोलली.
मला त्यातलं "अक्का" तेवढं कळलं.
मग तिचं नाव पुकारलं. ती आत गेली.

आता शेवटच्या मुलीला पिनच उरली नाही.
सुमेधा, गळ्यातल्या कार्डावर लिहिलेलं.
"राहू दे काकू, मी हातात धरते."
दुसरी माझ्या कानाशी आली,
हिची आत्या गेली, म्हणाली, श्रावणात.

मी पडद्यामागे गेले.
खोक्यांच्या मागे, जिथे लाइट लागत नाही,
तिथं बोटांनीच शोधली.
बाहेर येऊन तिच्या कुर्त्याला लावली,
जरा गंजलीय, म्हटलं, सांभाळ.
तिने बोट फिरवलं.
"गरम आहे काकू."
उन्हात पडली होती, मी म्हटलं.
आमच्या दुकानात ऊन येत नाही.

मग संध्याकाळपर्यंत डावा हात पदराशी.
एका हाताने फीत कापता येत नाही.
धरायला एक लागतो.
दोन गिऱ्हाइकांना उद्या या म्हटलं,
तिसरीने स्वतःच टोक धरलं.
आठ वाजता शटर ओढायला
समोरच्या बरकतला हाक मारली.
त्याने काही विचारलं नाही.