आंबवायला वेळ नाही

कुबलांचा फोन आला तेव्हा त्यांनी कुडाळ सोडलं होतं.
"पाऊण तासात वेंगुर्ल्यात पोचतो. जागा बघू,
भट्टी पाडायला किती येईल, तोही अंदाज घेऊ."
घरात मैदा होता. परवाचं आंबट ताक.
पपा पडवीत, आरामखुर्चीत,
चार वर्षं थंड पडलेल्या भट्टीकडे पाठ करून.

या घरात पाव कधी घाईत झाला नाही.
संध्याकाळी दाभोळीचा बाबल भंडारी माडी घालून जायचा,
ती पिठात जायची
(पपांच्या पोटात जायची ती वेगळी),
मग रात्रभर काथवटीवर ओलं फडकं,
आणि पपा मध्येच उठून फडक्याला कान लावायचे,
जणू आत कुणी झोपलंय
आणि त्याचा श्वास नीट चाललाय ना, बघायला हवं.
सोड्याला ते लबाडी म्हणायचे.
"फुगता, पण वाढणा नाय."

आज मी लबाडी केली.
दोन वाट्या मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूट सोडा,
गार लोणी बोटांनी चुरत चुरत,
मग ताक.
ताक पडलं तसं पीठ हळूच फसफसलं,
ओहोटीच्या वाळूत कुर्ल्यांच्या बिळांतून
बुडबुडे येतात तसं.
मळायचं नाही, एवढंच ध्यानात ठेवायचं.
मळलं की रुसतं.
वीस वीस किलो पीठ तिंबलेल्या हातांना
हेच अवघड.

दालचिनी विहिरीजवळच्या झाडाची.
दिवाळीनंतर फांद्या छाटून मीच सोलली होती.
ओली होती तोवर सपाट, पट्टीसारखी;
चार उन्हं लागली तशी दोन्ही कडांनी आत वळली.
कुणी शिकवलं नव्हतं तिला.
खलबत्त्यात घातली, आणि पहिल्याच घावाला
पडवीतला खोकला थांबला.

पोळपाटावर लाटलं, लोणी फासलं,
किसलेला गूळ, वर दालचिनी, मग लांबीकडून गुंडाळी.
सुरीनं कापलं तर चेपते,
म्हणून अबोलीच्या वळेसराचा दोरा:
खालून सरकवायचा, वर फुली घालायची, ओढायचा.
आठ व्हायला हवे होते, सात झाले,
त्यातला टोकाचा एक वाकडा.

ओव्हन नाही. भट्टी पेटवावी
तर तिला तापायलाच अर्धा दिवस.
म्हणून कुकर. तळाशी शिरोड्याचं जाडं मीठ,
शिट्टी काढलेली, रबर काढलेलं,
पंचवीस मिनिटं.
मी एकदा घड्याळ बघत होते, एकदा रस्ता.

वास आधी सुटला. गाडी नंतर आली.

कुबल माणूस भला. टेप घेऊन आले होते.
भट्टीची लांबी घेतली, रुंदी घेतली,
वाकून तोंडातून आत बघितलं,
बाही काजळीनं काळी झाली, तरी काही बोलले नाहीत.
मग बशीतला वाकडा रोल त्यांनीच उचलला.
गूळ बोटांना चिकटला, बोटांचा टेपला.
"भट्टीतला ना?"

मी तोंड उघडायच्या आत पपा म्हणाले,
"नाय. भट्टीक येळ लागता."
आपल्या हातातला रोल त्यांनी अंगठ्यानं दाबला,
दाब सोडून वाट बघितली.
खळगा भरला नाही.
"पाव न्हय ह्यो,"
म्हणाले, आणि खाऊन दुसरा घेतला.

जाताना कुबल टेप गुंडाळू लागले.
गुळामुळे ती आत जाईना.
"कळवतो," म्हणाले,
आणि हातभर पट्टी तशीच लोंबत ठेवून गाडीत बसले.

धूळ खाली बसेपर्यंत पपा गप्प.
मग भट्टीकडे न बघताच,
"लुर्दू, सोडो किती घातलंस?"