मोठा एच

एडिंबरा, १८८३

मी तुला उलटं वाचते, बाई.
डोकं खाली, पाय वर,
एकेक खिळा उचलून
डाव्या हातातल्या पट्टीत बसवत.
जुळारणीला सगळं असंच दिसतं.
सरळ दिसतं ते गिऱ्हाइकाला.

साहेबांनी तुला राणी केलंय
उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटाची.
साठ कडवी झाली, सिंहासनावर बसून आहेस.
तुझे केस अकरा वेळा आले,
गळा सहा वेळा,
पापण्या मी मोजायच्या सोडल्या.
हुकूम एकही नाही.
आणि हात कुठे आहेत गं तुझे?
मागची पानं पुन्हा चाळली.
सतराव्या कडव्यात शाईचा डाग पडलाय,
त्याच्याखाली असले तर असतील.

'ग्रिझेल, हात चालव,' डॅलग्लीश ओरडतो.

दुपारी मोठ्या एचचा कप्पा रिकामा झाला.
साहेब 'तिचे' हा शब्द मोठ्या अक्षराने लिहितात,
देवाला लिहावा तसा, दर ओळीत.
एवढी भक्ती कुठल्या छापखान्याला परवडणार?
शेजारी युफेमिया निकालपत्रं जुळवते,
जमिनीचे कज्जे, मृत्युपत्रं, नवऱ्याचा हक्क.
तिच्याकडे उसने मागितले.
'मूठभर घेऊन जा,' म्हणाली,
'माझ्याकडे बाईला लहान अक्षर पुरतं.'
आम्ही दोघी हसलो,
मग खोकलो. खिडक्या बंद असतात
कागद उडू नये म्हणून.

शनिवारी राणी हातावर पडते,
खरी, नाण्यावरची.
तीसुद्धा मानेपर्यंतच.
पलीकडच्या रांगेतल्या अँगसला
हजार अक्षरांचे जेवढे मिळतात
त्याच्या निम्म्या राण्या मला.
माझं अक्षर काय अर्ध्या शिशाचं असतं?
हे एकदा विचारलं होतं.
उत्तर आलं, अँगसला संसार आहे.
आईला सांगितलं. ती चूल फुंकत होती,
फुंकतच राहिली.

शेवटच्या कडव्यात तू मुकुट उतरवतेस.
कुणी मागितलेला नसतो.
एक सरदार घोड्यावरून जातो,
वळूनही बघत नाही,
आणि तू मरतेस, फार सुंदर,
तोंडातून शब्द न काढता.
पूर्णविराम.

माझ्या बोटांत पूर्णविराम होता.
बाजूच्या कप्प्यात स्वल्पविराम.
दिवे लागायची वेळ होती, चूक होऊ शकते.

मुद्रितं साहेबांकडे गेली, चौथ्या दिवशी परत आली.
दुरुस्ती एकच होती, पहिल्या पानावर:
माझं नाव दोन आकडे मोठं घ्यावं.

छापून झाल्यावर तुला मोडायला घेतलं.
केस, गळा, पापण्या, बेट,
जिथल्या खिळ्याला तिथे.
युफेमियाचे एच मोजून परत केले.
एक कमी भरला. ती काही बोलली नाही.
तो माझ्या एप्रनच्या खिशात आहे अजून,
कशासाठी, ते ठरलेलं नाही.

भिंतीवर पाटी आहे:
भाकरीला शिवण्याआधी हात धुवा, शिसं पोटात जातं.
मी साबण लावून घासते,
मनगटापासून खाली, बोटांच्या बेचक्यांत.
पाणी काळं होत जातं.
नखांतलं निघत नाही.