रांग

चाळीसच्या आत असायला हवा आकडा.
शाफईचा एकशे ब्याऐंशी.
मी पुन्हा मशीन लावलं.
एकशे एक्क्याऐंशी.

दुखतं कुठे?
कुठेच नाही, म्हणाला.
मन्सूरापासून दोन कालवे पलीकडे
दोर ओढून तराफा नेतो हा माणूस.
गाढवं, सायकली, नवरीचा पलंग,
सगळं या काठावरून त्या काठावर.
हल्ली दुपारी दोर जड लागतो, एवढंच.
आणि तळहात खाजतात.
बायको म्हणते, पैसा येणार असेल.

यकृत बोलत नाही.
त्याच्या पेशी फुटल्या
की आतलं सामान रक्तात येऊन पडतं,
कुणाच्या घरची भांडी रस्त्यावर दिसावीत
आणि आपण ओळखावं, आत काहीतरी झालंय, तसं.
काय झालंय, ते भांडी सांगत नाहीत.

म्हणून मी विचारते. दारू?
तो असा बघतो की मीच मान खाली घालते.
गोळ्या? डोकं दुखलं तर एखादी.
चरबी? अंगरखा वर करून त्याने बरगड्या दाखवल्या.
सुई?
नाही, म्हणाला.
मग थांबला.

शाळेचं मैदान. एकोणसत्तर, नाहीतर सत्तर साल.
कालव्यात डुंबणाऱ्या सगळ्या पोरांच्या लघवीत रक्त,
इतकं, की पोरगा मोठा झाल्याची खूण समजायचे लोक.
सरकारी माणूस औषध घेऊन आला.
भला माणूस, सारखा रुमालाने मान पुसायचा.
डब्यात उकळतं पाणी, काचेची एक सिरिंज,
आणि रांग फाटकाबाहेर गेलेली.
पाणी उकळायचं थांबलं. रांग थांबली नाही.
बारा आठवडे, दर मंगळवारी.
जंत मेले. लघवी स्वच्छ झाली.
आईने त्या माणसाला कबुतरांची जोडी दिली.
काळजाचे तुकडे
तिने स्वतः हाताला धरून उभे केले होते तिथे.

आता औषध आहे, मी सांगते,
तीन महिने, रोज एक गोळी.
त्याचं लक्ष नाही. तो बोटं मोजतोय.
"माझ्या पुढे सुताराचा फिक्री.
तो गेला. पोट फुगलं होतं.
माझ्या मागे बदवी, माझा धाकटा."

कुठे असतो बदवी?

"बाहेर बाकावर बसलाय. तोच घेऊन आला मला.
त्याला काही नाही हो, घोड्यासारखा आहे."

बोलवा त्याला, म्हटलं,
आणि नव्या सुईचं पाकीट फाडलं.
कागद फाटल्याचा तो एवढासा आवाज
शाफई कान देऊन ऐकत होता.