चौसष्टाचे पासष्ट

गुप्ते सर, म्हणजे आमचे बाबा,
दरवर्षी आठवीच्या शेवटच्या तासाला
पुठ्ठ्याचा एक चौरस वर्गापुढे धरत.
आठ गुणिले आठ. मोजा.
चौसष्ट, सर.
मग कात्री. दोन त्रिकोण, दोन तिरप्या पाठीचे चौकोन,
चारच तुकडे, टेबलावर जरा फिरवले, सरकवले
की पाच बाय तेराचा आयत.
मोजा.
वर्ग मोजायचा, परत मोजायचा,
आणि पासष्टावर येऊन गप्प बसायचा.
घंटा होई. हाताचा खडू झटकत बाबा निघून जात.
उत्तर सांगत नसत. सुट्टीभर पुरू दे, म्हणत.

पुठ्ठे फाटायचे. म्हणून एका वर्षी
दांडिया बाजारातल्या रमणभाई मिस्त्रींकडून
उरल्यासुरल्या सागाच्या फळीतून
तेच तुकडे कापून घेतले.
मी सोबत होते, भुशात पावलं बुडवून उभी.
रमणभाईंनी चौरस लावला, मान हलवली.
आयत लावला.
कर्णावरून बोट फिरवलं, एकदाच,
पापडाची कड आई तपासते तसं,
आणि म्हणाले, साहेब, आमां तो हवा छे.

बाबांच्या खिशात उपेनदादाचं पोस्टकार्ड होतं,
अंकलेश्वरहून आलेलं, चार ओळींचं.
रमणभाईंनी ते मागून घेतलं, न वाचता,
कर्णावर उभं धरलं.
गेलं आत.
बाबा इतके हसले की रंधा मारणारा पोरगा थांबला.
अकरा वर्षं, हजारभर पोरं,
आणि हा सातवी नापास माणूस, एका बोटात!
मजुरीवर पाच रुपये जास्त दिले,
घासाघीस न करता.

रस्त्यात मला समजावलं:
कर्ण एक नाहीच मुळी, बाळ, दोन उतार आहेत.
एक आठाला तीन चढतो, दुसरा पाचाला दोन.
जवळजवळ सारखे. जवळजवळ.
मधली फट इतकी लांब, इतकी बारीक
की डोळा तिला धरत नाही.
पण क्षेत्रफळ काढलंस तर भरतं बरोबर एक.
एक काय?
एक घर, म्हणाले. चौकटीतलं एक अख्खं घर.

पुढच्या वर्षी आम्ही मांजलपूरला राहायला गेलो.
जुनी खोली चौकोनी, ही काडेपेटीसारखी लांबट.
सामान तेच. कपाट, पिंप, शिलाईचं मशीन,
तपासायच्या वह्यांचं टेबल,
लोखंडी खाट तेवढी एक कमी.
आईने तीनदा फिरवून लावलं.
अहो, जागा उरतेय कशी?
बाबांनी टेप काढली,
गुडघ्यांवर बसून भिंतीभिंतीने सरकत राहिले.
क्षेत्रफळ उलट सहा फूट कमी निघालं.
ते त्यांनी दोनदा लिहून बघितलं.

मी दारापासून गॅलरीपर्यंत तिरकी चालत गेले,
पायाला काही लागलं नाही.
रात्री आईने चार ताटं काढली, एक परत ठेवलं,
आवाज होऊ नये म्हणून मधे पदर धरून.

तुकडे आता माझ्याकडे, बिस्किटांच्या डब्यात.
पोस्टकार्डही तिथेच, मधोमध
दाबल्याची एक रेघ उमटलेलं.
चौरस लावला की ते कुठूनच आत जात नाही,
सगळं कसं घट्ट, चोख, चौसष्ट.
म्हणून मी आयतच लावून ठेवते.
धूळ बसते कर्णावर.
ती काढते, झाडूच्या एका काडीने.